गुनिल्डाबाई आणि आज्जीचा घण

आमच्याकडे घण आज्जी मारायची. आजोबा ऐरणीसमोर उकिडवे बसलेले, डाव्या हातातल्या सांडशीत लालबुंद लोखंड, उजव्या हातात लहान हातोडा. तो हातोडा ठोकायला कमी आणि दाखवायला जास्त. आजोबा जिथं टिंग करतील तिथं आज्जीचा घण पडायचा. टिंग, धप्प. टिंग, धप्प. हातोडा ऐरणीवर आडवा टेकला की घण वरच्या वर थांबायचा. या सगळ्यात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.

वारणेकाठचं आमचं गाव. पाऊस तोंडावर आला की फाळ, कुळवाच्या फासा, खुरपी, विळे घेऊन माणसं दारात बसायची. नवा पाहुणा असला तर तो आज्जीकडे बघतच राहायचा. पाठीमागून कासोटा घातलेलं नऊवारी, पदर कमरेला खोचलेला, आणि डोक्यावरून गोल फिरून खाली येणारा तो घण. गावातल्या कुणाला त्याचं काही वाटत नसे. उन्हाळ्यात गावाबाहेर घिसाड्यांच्या गाड्या उतरायच्या, त्यांच्यातही घण बायकांच्याच हातात असायचा. याचं कारण साधं होतं. लोखंड कधी मऊ आहे, कधी निवलं, कुठं किती दाबायचं, हे ज्याला कळतं तो सांडशी धरतो. उरलेलं काम ताकदीचं, आणि ते बाईच्या वाट्याला यायचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा तो घण उचलून बघितला. गुडघ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आज्जी म्हणाली, "उचलाय दम लागतोय. खाली त्येचा त्यो येतोय."

आज्जीचं नाव धोंडूबाई. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हिला दगडाचं नाव दिलं. दगडासारखी टिकेल, आणि असलं ओबडधोबड नाव ऐकून मरणही फिरकणार नाही, अशी त्यामागची भावना. ती टिकली. चौऱ्याऐंशी वर्षं टिकली.

हे सगळं आता, इतक्या वर्षांनी मनात दाटून यायला कारण झालं एक इंग्रजी शब्द.

मी पुण्यात राहते आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करते. कारखान्यात मशीन येतं, त्याबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तिका येते, आणि ते मशीन चालवणाऱ्या माणसाला कळावी म्हणून कुणीतरी ती मराठीत आणावी लागते. गेल्या वर्षी रंगकामाच्या एका यंत्राची पुस्तिका आली. त्यात वाक्य होतं की गन कुणाच्याही अंगावर रोखू नये. कामाच्या ठिकाणी सगळे स्प्रे गन म्हणतात, ग्रीस गन म्हणतात, मीही तेच लिहिणार होते. पण काम देणाऱ्यांचा आग्रह होता, मराठी शब्द द्या. बंदूक लिहिणं शक्य नव्हतं. फवारा लिहिलं तर रोखण्यातला धाक जातो. त्या एका शब्दापाशी मी अडले आणि रात्री शब्दकोश उघडून बसले. या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आला कुठून, एवढंच बघायचं होतं. नळी असेल, आग असेल, धडाका असेल, असं काहीतरी निघेल असं वाटलं होतं.

निघालं एका बाईचं नाव.

इंग्लंडमध्ये विंडसरचा राजवाडा आहे. तिथल्या शस्त्रसाठ्याची 1330-31 सालची एक यादी लॅटिनमध्ये आहे. कोठारात काय काय आहे हे कारकुनानं ओळीनं लिहून ठेवलंय. त्यात एक नोंद अशी: शिंगाचं एक मोठं बलिस्ता, ज्याला डोमिना गुनिल्डा म्हणतात. बलिस्ता म्हणजे अजस्र धनुष्य, चौकटीवर बसवलेलं, दोरी ओढायला यंत्र लागेल एवढं ताठ. डोमिना म्हणजे बाईसाहेब. आपल्याकडची जुनी माणसं जशी आदरानं आणि थोड्या भीतीनं थोरल्या वाड्यातल्या बाईचं नाव घेतील, तसं त्या यंत्राचं नाव होतं, गुनिल्डाबाई.

ही गुनिल्डाबाई दारू उडवत नव्हती. तिच्यातून धूर निघाला नाही, तिनं आवाज केला तो ताणलेल्या दोरीचा. पण मोठ्या मारक यंत्राला हे नाव द्यायची रीत त्या सैनिकांच्या तोंडी बसली असावी, कारण थोड्याच वर्षांत तोच शब्द आखडून दुसऱ्या वस्तूला चिकटलेला दिसतो. 1339 सालची लंडनच्या गिल्डहॉलची, म्हणजे तिथल्या नगर कारभाराच्या इमारतीची, नोंद आहे. तिथं एका खोलीत पितळी मिश्रधातूची सहा साधनं ठेवली होती, 'गोन्स' नावाची. सोबत शिशाच्या गोळ्या आणि 32 पौंड दारू. शब्द कसा झिजला हे आपल्याला सहज समजावं. घरात जनाबाईची जनी होते, सावित्रीची साऊ होते. गुनिल्डाची गुन्ना झाली, गुन्नाची गोन, गोनची गन. शब्दकोशकार आज या शब्दाची जी वाट सांगतात ती हीच.

मला त्या कारकुनाचं अप्रूप वाटतं. तो मोजदाद करत होता. इतके बाण, इतकी धनुष्यं. पण या एका यंत्रापाशी आल्यावर नुसतं 'एक मोठं बलिस्ता' लिहून त्याला पुढं जाता आलं नाही. ज्या यंत्राला माणसांनी नाव दिलंय ते नावानंच लिहायला हवं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं ते चार शब्द गाळले असते तर जगातल्या इतक्या मोठ्या शब्दाचा माग लागणं अवघड झालं असतं.

नाव मूळचं इंग्लंडचंही नाही. उत्तरेकडून समुद्र ओलांडून आलेल्या व्हायकिंग लोकांचं ते नाव, त्यांच्या भाषेत गुन्हिल्डर. इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात ते लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, शेती केली, तिथलेच झाले, आणि त्यांच्या लेकीबाळींची नावं तिथं रुळली. राजघराण्यांतही गुन्हिल्ड होत्या. इंग्लंड आणि डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या कनूट राजाची एक मुलगी गुन्हिल्ड, जिचं लग्न 1036 साली जर्मन राजा तिसऱ्या हेन्रीशी झालं आणि जी दोनच वर्षांत वारली. नावाचे दोन तुकडे आहेत, गुन्नर आणि हिल्डर. पहिल्याचा अर्थ युद्ध. दुसऱ्याचाही अर्थ युद्ध. युद्धयुद्धा. त्या लोकांच्या पुराणकथांत रणांगणावर येऊन कोण पडणार हे ठरवणाऱ्या ज्या वाल्किरी आहेत, त्यांच्यातही एकीचं नाव गुन्नर आणि एकीचं हिल्डर. पाळण्यातल्या मुलीला असं नाव ठेवणारे आईबाप क्रूर होते असं मला वाटत नाही. माझ्या पणजीनं मुलीला धोंडू म्हटलं ते तरी काय होतं? काळ जसा असेल तसं कवच आईबाप नावात घालून देतात.

इथपर्यंत वाचून मी झोपायला हवं होतं. पण त्या गुन्नर शब्दाखाली आणखी एक ओळ होती, आणि ती वाचल्यावर मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गुन्नर ज्या धातूपासून आला तो धातू आणि संस्कृतातला हन् एकच आहेत. हन्, म्हणजे मारणे, प्रहार करणे. फार जुन्या काळी, या भाषा वेगळ्या होण्याआधी, एक मूळ उच्चार होता, जो आपल्याला आज 'ग्व्ह' असा काहीतरी तोंड वाकडं करून म्हणावा लागेल. तो इकडं आल्यावर कुठं ह झाला, कुठं घ. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना आठवेल, हन्ति म्हणजे तो मारतो, घ्नन्ति म्हणजे ते मारतात. क्रियापद एकच, आणि एकवचनात ह, अनेकवचनात घ. मला दहावीला हे पाठ करताना वैताग आला होता. बाईंनी तेव्हा फक्त अपवाद म्हणून सांगितलं होतं. तो अपवाद नाही, तो एका जुन्या ध्वनीचा उरलेला माग आहे. याच धातूतून हत्या, घात, विघ्न, शत्रुघ्न. याच धातूतून आपला रोजचा घाव. आणि याच धातूतून संस्कृत घन, ठोकणारा, प्रहार करणारा. त्याचा मराठीत झाला घण.

घण आणि गन. कानाला सारखे लागतात तो योगायोग. दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं, वेगवेगळ्या नियमांनी झिजत झिजत जवळजवळ एकसारखा आवाज कमावला, हा नशिबाचा भाग. पण नातं मात्र खरं आहे. एका आईच्या दोन लेकी, एक वारणेकाठी दिलेली आणि एक उत्तर समुद्रापलीकडं.

शब्दांच्या नात्यात मी इतकी का गुंतते, असं मला घरात विचारतात. माझ्यासाठी हा विषय कोरडा नाही. ज्या वस्तूचा आवाज ऐकत मी सकाळी उठायचे, ज्या वस्तूनं आमच्या घरात धान्य आलं, तिचं नाव आणि जगातल्या सगळ्यात जास्त भीतीच्या वस्तूचं नाव एकाच मुळातून निघालंय. आज्जीच्या हातातल्या प्रहारानं फाळ निघाला. त्याच प्रहाराच्या दुसऱ्या नावानं काय काय निघालं हे सांगायला नको.

याहून मोठं आश्चर्य हत्यार या शब्दात आहे. आपल्याला वाटतं हत्यार म्हणजे हत्येचं साधन, शब्दही तसाच जुळतो. पण हत्यार हा शब्द हात या शब्दाच्या घरातला आहे, हत्येच्या नाही. हातानं करायच्या कामाची वस्तू ती हत्यार. म्हणून तर सुताराची पटाशी आणि रंधा हत्यारं असतात, न्हाव्याचा वस्तरा हत्यार असतो, आणि आमच्याकडे खंडेनवमीला ऐरण, घण, हातोडे, सांडशी धुऊन मांडायचे तेव्हा आजोबा म्हणायचे, "हत्यारं पुजायचीत, कुणी पाय लावू नका." तर गंमत अशी झाली की जो शब्द हत्येचा वाटतो तो हाताचा निघाला, आणि जो शब्द एका बाईचं नाव म्हणून जन्मला त्याच्या पोटात हत्या निघाली.

याच हन् धातूची लॅटिनमधली फांदीही आपल्या ओळखीची आहे. तिथं त्या ध्वनीचा फ झाला आणि फेंदेरे असं क्रियापद तयार झालं, ठोकणे, हाणणे. ते एकटं फारसं उरलं नाही, पण त्याला उपसर्ग लागून ऑफेन्स आणि डिफेन्स झाले. हाणत पुढं जाणं आणि हाणून दूर सारणं. डिफेन्सचं डोकं उडून फेन्स झालं. आमच्या गावात उसाला रानडुकरांचा त्रास सुरू झाल्यापासून जो तो म्हणतो, फेन्सिंग करायचंय. तारेचं ते कुंपण, मिलिटरीतला डिफेन्स, लंडनच्या खोलीतली गोन आणि आमचा घण, सगळी एका गोतावळ्यातली.

मग मराठीत या वस्तूंना जे शब्द आहेत तेही बघणं भागच होतं. बंदूक आपल्याकडे आली अरबी-फारसीतून. अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट, ते टणक, वाटोळं, सुपारीएवढं फळ. अरबांनी ते नाव घेतलं ग्रीकांकडून, आणि ग्रीकांनी ठेवलं होतं काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतावरून, पोंतसचं फळ म्हणून. फळासारखी दिसणारी फेकायची गोळी तीही बुंदुक झाली, आणि गोळी फेकणारं हत्यार शेवटी बंदूक. तोफ हा तुर्की शब्द, मूळ टोप, म्हणजे चेंडू, गोळा. इंग्रजांनी यंत्राला नाव देताना बाई बघितली. या बाजूच्या लोकांनी त्यातून काय बाहेर पडतं ते बघितलं.

सगळ्यात जास्त मी थांबले दारूपाशी. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत दवादारू म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ आपण अजून जिभेवर वागवतो. तोच शब्द मद्याला लागला आणि तोच बंदुकीच्या भुकटीला. भुकटीला औषधाचं नाव फक्त फारसीतच मिळालं असंही नाही. जिथं ती सापडली त्या चीनमध्ये तिला हुओयाओ म्हणतात, अग्नी-औषध. ती सापडली होतीच औषध शोधता शोधता. गंधक, सोरा आणि आणखी काही पदार्थ एकत्र करून आयुष्य वाढवणारं रसायन करू पाहणारे लोक होते, आणि नवव्या शतकाच्या आसपासच्या एका चिनी ग्रंथात तर इशाराच दिलाय की असलं मिश्रण मधाबरोबर तापवू नका, काहींचे हात आणि तोंडं भाजली, घर जळून गेलं. आयुष्य वाढवायला बसलेल्या माणसांच्या हातून हे घडलं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. त्यांचे भाजलेले हात मला दिसतात, कारण आजोबांच्या हातांवर ठिणग्यांचे असेच पांढरे ठिपके होते.

तोफांना नावं द्यायची हौस सगळीकडेच दिसते. एडिंबरोच्या किल्ल्यावर मॉन्स मेग आहे, 1449 साली आजच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावी घडवलेली. सुमारे दीडशे किलोचे दगडी गोळे फेकायची, आणि नाव मार्गारेटचं लाडकं रूप, मेग. 1914 साली जर्मनांनी लिएजच्या किल्ल्यांवर ज्या प्रचंड तोफा लावल्या त्यांना बिग बर्था म्हटलं गेलं, कृप कारखान्याची मालकीण बर्था कृप हिच्या नावावरून. आपल्याकडे जंजिऱ्यावर कलालबांगडी आहे. अहमदनगरला 1549 साली ओतलेली मुलूख-ए-मैदान आज विजापूरला आहे, तिच्या तोंडावर हत्तीला जबड्यात धरलेला सिंह कोरलाय. आपण एखाद्या धडाडीच्या वक्त्याला अजून मुलूखमैदान तोफ म्हणतो ते तिच्यावरूनच.

कलालबांगडी मी शाळेच्या सहलीत बघितली होती. पोरं तिच्यावर चढून फोटो काढत होती, मीही चढले होते. तेव्हा नावाकडं लक्ष गेलं नाही. आता वाटतं, जी वस्तू पेटवताना बाजूला उभ्या असलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो, तिला नुसतं यंत्र म्हणून तिच्याजवळ उभं राहणं अवघड जात असेल. नाव दिलं की ती घरातली होते, तिची मर्जी सांभाळता येते, तिला हळद-कुंकू लावता येतं. विंडसरच्या त्या सैनिकांनी दोरी ओढताना गुनिल्डाबाईला हाका मारल्या असतील, शिव्याही दिल्या असतील.

गुनिल्डा ही खरीखुरी कुणी बाई असेल का, हा प्रश्न मला त्या रात्री सारखा येत राहिला. मग उमगलं की मला गुनिल्डाबाई म्हणून डोळ्यांसमोर दुसरं कुणी येतच नव्हतं. येत होती ती पदर खोचलेली, दोन्ही हात डोक्यावर नेलेली, आजोबांच्या टिंगची वाट बघणारी धोंडूबाई.

त्या पुस्तिकेत मी शेवटी स्प्रे गनच लिहिलं. रंगाऱ्याच्या तोंडी जो शब्द आहे तोच त्याच्या डोळ्यांना पटकन ओळखीचा वाटेल, आणि सुरक्षिततेच्या वाक्यात पटकन कळणं सगळ्यात महत्त्वाचं. काम देणाऱ्यांना तसं कळवलं, त्यांनी मानलं.

दिवाळीला गावी गेले तेव्हा काकूला विचारलं, "घण कुठंय गं?" भाता बंद होऊन वीस वर्षं झाली. ऐरण दारातच आहे, तिच्यावर आता पोरं बसतात. काकूनं जरा आठवलं आणि म्हणाली, "जळणाच्या खोलीत असंल बघ. तुला काय करायचाय?" मला सांगता येईना. शेणकुटांच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवला होता. लोखंडावर तांबडा गंज, पण तोंड अजून गुळगुळीत, कडांना किंचित बाहेर वळलेलं. दांडा बाभळीचा. तो झटकून उन्हात आणला तेव्हा दिसलं की दांड्याच्या टोकापासून साधारण वीतभर वर एका जागी लाकूड खोलगट झालंय, चार बोटांच्या रुंदीचं. तिथं डावा हात असायचा. उजवा हात घण उचलताना वर सरकायचा आणि खाली येताना घसरत डाव्याला येऊन मिळायचा, म्हणून वरचा सगळा दांडा एकसारखा, तेल लावल्यासारखा काळा आणि तुकतुकीत.

चुलतभावाच्या दुकानातून काटा आणून वजन केलं. दांड्यासकट सहा किलो तीनशे ग्रॅम. भावाची बारा वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिनं विचारलं, मी उचलू का. मी तिला ती खोलगट जागा दाखवली आणि म्हटलं, डावा हात इथं धर.